पानी

पैनगंगेच्या अल्याड आमचं वाचनालय, ड वर्ग.
दोन कपाटं, एक पंखा, एक मी.
अनुदानाच्या गठ्ठ्यात न मागवता आली ती कादंबरी,
पोलंडमधली, दोन भाषा फिरून मराठीत पोचलेली.
मागच्या चिठ्ठीवर तीन तारखा,
तिन्ही माझ्याच.

लढाई संपून वर्ष झालंय तिच्यात.
हर्श नावाचा यहुदी पायी परततो गावात
आणि स्वतःच्याच दाराशी उभा राहतो पाहुण्यासारखा.
चौकटीला उजवीकडं तिरपी खाच,
देवाचं वचन ठोकलेलं असायचं तिथं,
आता वरून हिरवा रंग.
शेजारीण बाहेर येते. अंगात त्याच्या आईचा कोट.
तो म्हणतो, "पानी यादविगा,"
आणि पुढं त्याला बोलवत नाही.

पोलिश भाषेत पानी म्हणजे बाई, असं तळटीप सांगते.
मी तळटीप उशिरा पाहिली.
मला वाटलं, तहानलाय.

तिचा नवरा त्याला रात्री गोठ्यामागं नेतो.
लेखकानं त्याचा राक्षस केला नाही,
केला असता तर मी सुखानं झोपले असते.
तो कुजबुजतो: दोन हिवाळे तुला बटाट्याच्या खड्ड्यात
मी जगवलं, हे कुणाला बोलू नको.
गाव म्हणेल, यहुद्याचं सोनं मिळालं याला.
माझं दार फोडतील.
घराबद्दल तो बोलत नाही.
हर्शही विचारत नाही.
तिथं मी पेन्सिलीनं रेघ ओढली.
पुस्तकांवर रेघा ओढू नयेत,
ही भिंतीवरची पाटी माझ्याच अक्षरातली.

आमच्या घरी पश्चिमेच्या भिंतीत कमानीचा कोनाडा आहे.
त्यात मिठाची बरणी.
आणि एक पितळी परात, काठावर उर्दूत नाव कोरलेलं.
राखेनं घासून घासून अक्षरं गेली,
नुक्ते राहिले.

अठ्ठेचाळीसच्या भादव्यात नदीपल्याड जे झालं
त्याचा धूर इकडून दिसला म्हणतात.
इकडं काही झालं नाही, यावर गावाचं एकमत.
एक घर तेवढं रिकामं झालं.
काका दोन गोष्टी सांगायचे.
आजोबांनी त्या माणसांना जोंधळ्याच्या पेवात
तीन दिवस लपवलं, भाकरी पोचवली.
आजोबांनी घर चाळीस रुपयांत घेतलं.
पाहुण्यांना पहिली, तलाठ्याला दुसरी.
दोन्ही खऱ्या असतील,
हे मला पोलंडनं सांगावं लागलं.

मी सहावीत असताना एक माणूस आला, आदिलाबादहून.
रेक्झिनची पिशवी, चपलेला तारेचा टाका.
अण्णा दारात आडवे. "काय पायजे जी तुमाले?"
तो चौकटीकडं बघत होता, वर, मग खाली.
"कुछ नही," म्हणाला. "पानी."

अण्णांनी डोळ्यानं खूण केली.
उन्हात टेकवलेली परात मी पाठीमागं धरली
आणि पुढच्या हातानं स्टीलचा गिलास दिला.
एवढं जड भांडं एका हातात,
मनगट थरथरत होतं.
तो सावकाश प्याला. शेवटचा घोट
उंबऱ्यापाशी ओतला, की सांडला.
माझं नाव विचारलं.
मी वर्गातल्या दुसऱ्याच मुलीचं सांगितलं.

कादंबरी स्टेशनवर संपते.
गाडी कुठली, लिहिलेलं नाही.

परवा मी परातीवरचे नुक्ते
पुस्तकाच्या चिठ्ठीवर, तारखांखाली उतरवून घेतले.
वर एक, मग मोकळी जागा, खाली दोन, पुन्हा वर तीन.
उमरखेडच्या शमशाद टीचरांना दाखवले.
त्यांनी चश्मा पुसला, चिठ्ठी उजेडाला धरली.
"एवढ्यावरून नाव नाही लागत हो."
मग जरा थांबून,
"आहे कुठली ही परात?"

मी म्हणाले, कादंबरीतली.